‘देईन’ आणि ‘देत आहे’

मैत्रिणीने एक छोटं उपकरण बनवलंय, कितीतरी महिने त्याच्याच मागे होती, आणि आता एका कंपनीला ते हवंय. त्यांनी १४ पानांचं अ‍ॅग्रीमेंट पाठवलं, वर निरोप की हे आमचं नेहमीचंच आहे, सही करून पाठवा. ही सही करणारच होती, मी म्हटलं थांब, आधी मला वाचू दे.

पहिल्या पानावर ठळक अक्षरात ‘लायसन्स’. आणि नवव्या पानावर ‘सर्व हक्क याद्वारे कायमचे सुपूर्द करत आहे’. अगं हे लायसन्स नाहीच, असाइनमेंट आहे! लायसन्स म्हणजे घर भाड्याने देणं, असाइनमेंट म्हणजे सरळ खरेदीखत. मथळा काहीही असो, वाद झाला की आतलं वाक्य बघतात.

आणि त्या वाक्यातलं क्रियापद नीट बघायचं, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. अमेरिकेतली स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी विरुद्ध रोश ही औषध कंपनी, ही केस बघा. रक्तातला एचआयव्ही मोजायच्या पद्धतीवरून भांडण होतं. तिथल्या एका संशोधकाने स्टॅनफर्डला लिहून दिलेलं की शोधाचे हक्क देण्याचं मान्य करतो, म्हणजे पुढे कधीतरी देईन. मग तो पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायची पद्धत, शिकायला सीटस कंपनीत गेला, तिथे आत जाताना एका गोपनीयतेच्या कागदावर सही केली, त्यात होतं ‘याद्वारे देत आहे’. पुढे सीटसचा तो धंदा रोशने घेतला, कोर्टाने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले आणि ‘देत आहे’वाला कागद भारी पडला. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टातही स्टॅनफर्ड हरलं. एवढी मोठी युनिव्हर्सिटी, आणि सगळं अडलं कुठे तर क्रियापदाच्या काळावर.

मैत्रिणीला एक्सक्लुझिव्ह लायसन्स चालणार आहे. पण एक्सक्लुझिव्ह म्हणजे दुसऱ्या कोणाला नाहीच, आणि वेगळं लिहून घेतलं नाही तर तिला स्वतःलाही ते बनवता येणार नाही, हे ऐकून ती गप्पच झाली. कंपनीने माल काढलाच नाही आणि नुसतं दाबून ठेवलं तर? म्हणून दरवर्षीची किमान रॉयल्टी आणि ठरलेल्या मुदतीत उत्पादन सुरू झालं नाही तर हक्क परत, ही दोन कलमं मी घालायला लावली. पेटंट साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षंच टिकतं, त्यातली पाच कुणाच्या कपाटात गेली तर ती भरून येत नाहीत.

बरं, पेटंटचा अर्ज तिने आधीच केलाय हे फार चांगलं केलं, कारण आधी सगळ्यांना दाखवून मग अर्ज केला तर युरोपात जवळपास दारच बंद होतं. पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत बाकीच्या देशांत अर्ज केला की तिथेही पहिल्या अर्जाचीच तारीख धरतात, तिच्याकडे त्यातले चार महिने उरलेत.

नववं पान खोडून परत पाठवलंय. अजून उत्तर नाही, आणि सहीही नाही.