कुकर कुणाच्या सॅकमध्ये?

क्राइस्टचर्चला उतरल्यावर सगळ्यात आधी काय झालं, तर विमानतळावरच्या एक बाई माझे बूट घेऊन गेल्या.

न्यूझीलंडमध्ये शिरताना फॉर्ममध्ये सांगावं लागतं, सोबत खाण्याचं काय आहे आणि रानावनात घातलेले बूट आहेत का. लपवलं आणि सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. आम्ही चौघंही काही हरिश्चंद्राचे अवतार नाही, पण आमच्या खजिनदारीणबाईंनी विमानातच त्या ४०० डॉलरचे रुपये करून सांगितले होते. त्यामुळे चकल्या, गोडा मसाला, मेतकूट, सगळं इमानदारीत लिहिलं. बाईंनी मेतकुटाचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं, हे कशाबरोबर खातात ते विचारलं, आमच्यातल्या डॉक्टरनं दोन वाक्यांत मऊ भाताचं महत्त्व सांगितलं आणि पाकीट परत मिळालं. अडकले ते माझे बूट. पुण्यात मी ते नळाखाली ब्रशनं घासले होते. तरी बाईंनी तळव्याच्या खाचेतून बोटभर लाल माती काढून दाखवली. राजगडची. जगाच्या या टोकाला कुणी आपला राजगड असा चिमटीत धरून बघेल असं वाटलं नव्हतं. थोड्या वेळानं बूट परत आले ते धुतलेले, ओले आणि पिशवीत. विकत घेतल्यानंतर इतके स्वच्छ ते प्रथमच दिसत होते.

कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, मिळणार होती तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला. मधले दोन दिवस आम्ही का ठेवले होते, तर घड्याळ जुळावं म्हणून. तिथल्या उन्हाळ्यात ते आपल्यापुढे साडेसात तास असतात. सकाळी आठला त्यांची कामं सुरू होतात तेव्हा आपलं शरीर रात्रीचे साडेबारा वाजल्याचं सांगत असतं. अशा अवस्थेत डाव्या का उजव्या कुठल्याच बाजूनं सात मीटरची गाडी चालवू नये, एवढं शहाणपण आमच्यात होतं. थोडक्यात, ते शहर आमच्या लेखी एसटी स्टँडवरचं बाकडं होतं.

आणि या दोन दिवसांत घर पाठीवर. सह्याद्रीत सॅक घेऊन चालायची सवय आहे म्हणून आम्ही फुशारून होतो. पण डोंगरात सॅकचं ओझं कळत नाही, कारण समोर किल्ला असतो. सपाट, इस्त्री केल्यासारख्या फुटपाथवर, खांद्याचे पट्टे रुतत असताना, समोर फक्त पुढचा सिग्नल असतो. तिथे सगळी भांडणं वजनावरून होतात आणि आमचं मुख्य भांडण कुकरवरून होतं. तीन लिटरचा, हिंडालियमचा, खजिनदारीणबाईंच्या आईचा. व्हॅनमध्ये भांडी मिळतात, पण कुकर मिळत नाही, हे तिनं कंपनीला ईमेल करून विचारून घेतलं होतं. मग रोज सकाळी चिठ्ठ्या. ज्याच्याकडे कुकर जाईल त्यानं बाकी सामान कमी घ्यायचं असा नियम होता, तो कुणीच पाळला नाही. कुकरच्या आत तूरडाळ, डाळीत शिट्टी आणि शिट्टीभोवती कुणाचे तरी मोजे.

हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात एक फळी असते. जाणारे लोक उरलेलं तिथे ठेवतात, येणारे उचलतात. अर्धं तेल, तळाशी आलेलं मीठ, चार प्रकारचा पास्ता. कुणी विचारत नाही, कुणी लिहून ठेवत नाही. मला ही फळी त्या शहरातल्या सगळ्या प्रेक्षणीय स्थळांपेक्षा आवडली. आम्ही तिथलं मीठ घेतलं, कुकर चढवला, आणि पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारी अंडं तळणारा एक उंच मुलगा दोन पावलं मागे उडाला. एक मुलगी तर दाराशीच जाऊन उभी राहिली. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी शहर बघितल्यावर त्या हसण्याची जरा लाज वाटली.

कारण हे शहर एकदा भूकंपात पडलेलं आहे. २२ फेब्रुवारी २०११, दुपारी १२ वाजून ५१ मिनिटं. १८५ माणसं गेली. जुनं दगडी कॅथीड्रल मोडलं. त्याच्या बदल्यात शिगेरू बान या जपानी वास्तुविशारदानं २०१३ मध्ये चक्क पुठ्ठ्याच्या नळ्यांचं चर्च उभं करून दिलं. खाली दोन्ही बाजूंना शिपिंग कंटेनर, वर पुठ्ठा. आत जाऊन बसलं तर आपण एखाद्या मोठ्या, सुबक खोक्यात बसलोय असं वाटतं, आणि ते वाटणं वाईट नसतं. भूकंपानंतर बाजारही काही वर्षं रंगीत कंटेनरांमध्येच भरायचा. मध्येच एखादा मोकळा प्लॉट दिसतो, त्यावर गाड्या लावलेल्या. आधी मला वाटलं, किती ऐसपैस शहर आहे. मग कळलं की तिथे काहीतरी होतं.

आमच्यात एक लातूरकर आहे. किल्लारीजवळच्या गावचा. या सहलीचं ठरत होतं तेव्हापासून त्याचं एकच पालुपद होतं, "पत्र्याच्या घरात राहायला एवढे पैसे? आम्ही फुकट राहिलोय की." आम्ही दर वेळी हसायचो आणि पुढच्या बुकिंगकडे वळायचो. ३० सप्टेंबर १९९३ ला तो तीन वर्षांचा होता. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं असताना, दगडमातीच्या भिंती कोसळल्या. त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. आठवते ती शेड. नवं घर मिळेपर्यंतची काही वर्षं.

एव्हन नदीच्या काठाला भूकंपात गेलेल्यांचं स्मारक आहे. लांबच लांब संगमरवरी भिंत, त्यावर नावं. इंग्रजी नावं, मग जपानी, चिनी. त्यातली बरीचशी तिथे शिकायला आलेली मुलं होती. नदी इतकी उथळ की तळाचं शेवाळ दिसतं, आणि तिच्यातून बदकं आपल्या कामाला चाललेली. डॉक्टर फोटो काढत होता. लातूरकर भिंतीच्या एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, सॅक पाठीवर तशीच, कुकरसकट. परत आल्यावर म्हणाला, "आमचाबी साधारण एवढाच होता. सहाच्या वर थोडा." मग थोडं थांबून, "पण यांचा दुपारी आला." एवढंच. त्यानंतर कॉफी प्यावी असं सगळ्यांनाच वाटलं, तर तिथले बरेचसे कॅफे तीनच्या सुमारास बंद होतात. खुर्च्या टेबलांवर उलट्या पडलेल्या. चारला चहा लागणारा माणूस त्या देशात पोरका असतो. शेवटी नव्या लायब्ररीत जाऊन बसलो. चांगली पाच मजली, सेंट्रल, काचेची. कुणीही कार्ड विचारलं नाही. लातूरकर सॅक उशाला घेऊन तिथेच तासभर झोपला.

तिसऱ्या दिवशी हॉस्टेल दहाला सोडायचं होतं. व्हॅन दोनला. सामान ठेवायला लॉकर होते, पण त्याचे पैसे पडतात म्हटल्यावर खजिनदारीणबाईंनी "चार तास तर आहेत" असं जाहीर केलं. ते चार तास आम्ही हॅगली पार्कमधल्या गवतावर काढले, सॅकना टेकून, येणाऱ्याजाणाऱ्या कुत्र्यांना न्याहाळत. आपल्या पाठीवर काही नाही ही कल्पना त्या दिवसापर्यंत मला चैन वाटत नव्हती.

विमानतळाजवळच्या डेपोत आम्हाला एक व्हिडिओ दाखवला. सांडपाणी कुठे सोडायचं, संडासाची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची टाकी, कशी ओढून काढायची आणि कुठे रिकामी करायची. चौघंही एकमेकांकडे न बघता बघत होतो. मग किल्ली मिळाली. सहा जणांची गाडी. ओटा, शेगडी, फ्रिज, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग. डॉक्टर सगळी कपाटं उघडून बघत होता. लातूरकर आत आला, भिंतीवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं आणि कान देऊन ऐकलं.

"पत्रा नाही रे. फायबर आहे."

"मग बरंच झालं की," मी म्हटलं.

"हां," तो म्हणाला. "पण पावसाचा तसा आवाज नाही येणार."

मग त्यानं सॅक उतरवली, कुकर काढला, त्यातले मोजे डॉक्टरच्या अंगावर फेकले आणि शेगडीखालचं कपाट उघडून बघितलं. कुकर बसला, पण दार लागेना. पहिल्या वळणावर तो बाहेर येणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. जायचं होतं टेकापोला, तळ्याकाठच्या गावाला, सव्वादोनशे किलोमीटर. खजिनदारीणबाई कागद फाडून चिठ्ठ्या करू लागल्या होत्या. या वेळी कुकरच्या नाही, कॅसेटच्या.