पिल्लाला जन्म देतानाच आई मेली का?

एका जीवाश्माचा फोटो दाखवून तुम्ही हे विचारलंत, म्हणून हे उत्तर. फोटो ओळखीचा आहे: इक्थिओसॉर (डायनोसॉरांच्या काळातला, माशासारखा दिसणारा समुद्री सरपटणारा प्राणी) मादीचा सांगाडा, शेपटीच्या मुळाशी अर्धवट बाहेर आलेलं पिल्लू आणि खाली 'बाळंतपणात मृत्यू' अशी ओळ. तसं घडलं असणं शक्य आहे. पण ती ओळ छातीठोकपणे लिहावी इतका पुरावा दगडात नसतो.

असे बरेच नमुने जर्मनीतल्या होल्त्समाडेनच्या काळ्या शेलमधले (चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक), वय सुमारे १८ कोटी वर्षं. वर जिवंत समुद्र. तळाशी मात्र बहुतेक काळ प्राणवायूची इतकी टंचाई की मढी कुरतडणारे आणि चिखल उकरणारे जीव टिकत नसत. म्हणून सांगाडे अख्खे राहिले.

पहिली शंका अशी की पोटातलं ते पिल्लूच, की खाल्लेला प्राणी? जठरातलं अन्न सहसा माखली-वर्गातल्या प्राण्यांच्या बारीक आकड्यांचा काळा पुंजका म्हणून दिसतं. गिळलेल्या हाडांवर आम्लाने झिजल्याच्या खुणा असतात. गर्भाची हाडं झिजलेली नसतात, पण पुरती घट्टही झालेली नसतात आणि डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं. स्टेनॉप्टेरिजियस या इथल्या इक्थिओसॉरच्या एकेका मादीत अकरापर्यंत गर्भ मोजले गेलेत, आणि ते साधारण एकाच वाढीचे. एवढं जुळलं की शंका उरत नाही.

मग पिल्लू बाहेर कसं आलं? जुनं उत्तर असं, की कुजताना साठलेल्या वायूने ते ढकललं. पुस्तकांत हे अजून फिरतं, पण मला ते पटत नाही. २०१२च्या एका अभ्यासात मानवी प्रेतांच्या पोटातला वायूचा दाब मोजला, तो फार तर ०.०३५ बार भरला (हवेचा नेहमीचा दाब साधारण १ बार). समुद्रात ५० मीटर खोलीवर पाण्याचाच दाब ५ बार असतो. तिथे वायू दाबून बारीक होतो, पोट फुटायचं सोडा, मढं वरही येत नाही. उलट जे मढं तरंगत राहतं, त्याचा जबडा, वल्ह्यासारखे पाय, शेपूट आठवड्यांत एकेक करून गळून पडतात. म्हणजे अख्खा सांगाडा हीच ते लवकर बुडाल्याची खूण. आईबाहेर विखुरलेली गर्भाची हाडं बहुधा, मांस कुजल्यावर, तळाच्या मंद प्रवाहाने सरकलेली असतात.

म्हणून फोटो पाहताना पिल्लाचा कणा सलग आहे का, आणि तो आईच्या कमरेच्या हाडांमधून जातो का, एवढंच आधी बघा. नुसतं शेजारी पडलेलं असेल तर 'जन्म' म्हणू नका.

शेपटी आधी बाहेर यायची, कारण डोकं आधी आलं तर पिल्लू बुडून मरेल, हेही ऐकलं असेल. होल्त्समाडेनचे बहुतेक गर्भ खरंच आईच्या डोक्याकडे तोंड करून आहेत. पण चीनच्या आन्हुई प्रांतातल्या चाओहूसॉरस या सुमारे २४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या, फार जुन्या इक्थिओसॉरच्या मादीत पिल्लू डोक्याकडून बाहेर पडताना सापडलं. २०१४ साली ते प्रसिद्ध झालं, आणि पिल्लं घालायची रीत यांच्या पूर्वजांनी जमिनीवरूनच आणली असावी, असा अर्थ लावला गेला. गुदमरण्याचं कारणही २०२३च्या फेरतपासणीत डळमळलं.

शेवटची सावधगिरी जुन्या नमुन्यांबद्दल. काहींत त्वचेची कड कोरून किंवा रंगवून 'सुधारलेली' आहे. अतिनील दिव्याखाली डिंक, रंग आणि राळ खडकापेक्षा वेगळ्या चमकतात. संग्रहालयाकडे तसा फोटो मागता येतो. आणि कुणी असा तुकडा विकत घेतलाच, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या कपाटात ठेवू नये. शेलमधल्या पायराइटला (लोह आणि गंधकाचं खनिज) ६० टक्क्यांवरची आर्द्रता सोसत नाही. त्यातून गंधकाम्ल तयार होतं, पिवळट-पांढरी भुकटी येते आणि हाडाला भेगा पडतात. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे. पाण्याने धुणं मात्र टाळा.