भोकांचे रोटर घेऊ का?

गाडीच्या ब्रेकचे रोटर कसले घ्यावेत हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: साधे. भोकं नाहीत, चर नाहीत, कारखान्यातून गाडीला लागून येतात तसे गुळगुळीत.

हा प्रश्न मला मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारला गेलाय, ऑफिसच्या पार्किंगमध्ये विचारला गेलाय, आणि परवा पुण्याहून भाच्याने विचारला, तोही माझ्याकडच्या रात्री अडीच वाजता. "मामा, तू ट्रॅकवर गाडी चालवतोस ना, मग रोटर कुठले टाकलेस?" (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या ज्या चकतीला पुण्यात आपण डिस्क म्हणतो तिला इथे अमेरिकेत रोटर म्हणतात. मलाही आता तीच सवय लागलीय.) विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असतं. त्याला चाकाच्या आऱ्यांमधून चमकणारी भोकाभोकांची चकती दिसत असते. "साधे" म्हटलं की चेहरा पडतो. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

माझी गाडी २०१३ची सुबारू बीआरझेड. इंजिन दोनशे हॉर्सपॉवरचं, वजन साधारण १२५० किलो. वर्षातून चार-पाच वेळा ती घेऊन मी कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका नाहीतर थंडरहिलच्या रेस ट्रॅकवर जातो. लगुना सेकाला सुरुवातीच्या रेषेवरून पुढे गेलं की गाडी वेगात एक चढ ओलांडते आणि समोर दुसरं वळण येतं, अँड्रेटी हेअरपिन. तिथे ताशी १६५ किलोमीटरवरून ६५वर यायचं असतं. माझ्यासकट गाडीचं वजन धरून हिशोब केला तर त्या एका ब्रेकमध्ये सुमारे १२ लाख जूल ऊर्जेची उष्णता होते. साडेतीन लिटर पाणी नळाखालून थेट उकळीला येईल इतकी. त्यातली बहुतेक पुढच्या दोन चकत्यांच्या वाट्याला जाते. एकेक चकती सहा-सात किलोची, म्हणजे एका दमात तिचं तापमान शंभर-सव्वाशे अंशांनी चढतं. ती निवतेय न निवतेय तोच पुढचं वळण. असं वीस मिनिटं.

आता ही चकती म्हणजे काय, तर बीड. आपल्या घावनाच्या तव्याचं असतं तेच, जवळजवळ. बीड उष्णता भरपूर साठवतं, स्वस्त असतं, सहज घासलं जातं, आणि तडकतं. चारही गोष्टी इथे लागू पडतात. उष्णता साठवायला ऐवज लागतो आणि भोकं पाडली की तोच कमी होतो. वर प्रत्येक भोकाच्या काठाशी ताण गोळा होतो आणि तापून-निवून तडा तिथूनच सुरू होतो. एका मित्राच्या भोकांच्या रोटरवर तिसऱ्याच ट्रॅक डेला एका भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत रेघ गेली होती. "पण पोर्शला भोकं असतात की!" असतात. गाडीच्या मानाने त्या चकत्या चांगल्या दणकट असतात, आणि ट्रॅकवर त्यांनाही भोकांपाशी तडे जातात. मालक मुकाट्याने बदलतात, एवढंच.

चरांचं म्हणणं निराळं. चर पॅडचा, म्हणजे ब्रेक मारला की चकतीला दाबणाऱ्या तुकड्याचा, पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवतात, त्याने पकड एकसारखी राहते, पण पॅड लवकर संपतात आणि ब्रेक मारताना घरघर ऐकू येते. कुणी घेतले तर मी नाक मुरडणार नाही. दोन तुकड्यांचे रोटर, म्हणजे मधली टोपी ॲल्युमिनियमची आणि बाहेरचं कडं बिडाचं, ही खरोखर चांगली चीज आहे. वजन वाचतं, कडं तापून फुगलं तरी त्याला जागा मिळते, पुढच्या वेळी नुसतं कडं बदलता येतं. पण किंमत पाच-सहा पट. माझा वेग त्या लायकीचा होईल तेव्हा बघू. तोवर ते पैसे मी ट्रॅकच्या पॅडवर आणि ब्रेक ऑइलवर घालतो. साधं डॉट ४ प्रतीचं ऑइल कोरं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल पितं आणि मग हा आकडा १५५वर येऊ शकतो. उकळलं की पेडल जमिनीला. अशा वेळी रोटर सोन्याचा असला तरी काय उपयोग?

खरं सांगायचं तर कुठला रोटर घेतला यापेक्षा तो कसा बसवला यात मी जास्त पोळलोय. सुरुवातीला एका दुकानातून रोटर बदलून घेतले होते. दोन महिन्यांत ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. दुकानदार म्हणाला, रोटर वाकले, ट्रॅकवर नेल्यावर असंच होणार. नवे घातले. पुन्हा दोन महिन्यांत तेच. तेव्हा डोक्यात आलं की हे वाकणं असेल तर दर वेळी दोन महिने थांबून का वाकतं?

मी मूळचा भोसरीच्या वर्कशॉपमधला. तिथे आमचे सुपरवायझर कुठलाही जॉब लेथवर चढवण्याआधी चकचा (जॉब पकडणाऱ्या जबड्याचा) चेहरा बोटाने पुसायला लावायचे. चक घाण असेल तर जॉब सरळ येणार कसा! मी रोटर काढला आणि हबवर, म्हणजे रोटर ज्यावर टेकतो त्या भागावर, पाहिलं तर गंजाची खपली, नखाएवढी. त्या खपलीवर टेकल्याने नवाकोरा रोटर एका अंगाला किंचित झुकून फिरत होता. ब्रेक मारलेला नसतानाही प्रत्येक फेरीला तो एकाच जागी पॅडला चाटून जायचा. हळूहळू ती जागा झिजते, नाहीतर पॅडचा थर तिथे जास्त बसतो. जाडी एकसारखी राहत नाही आणि मग स्टिअरिंग थरथरतं. थर बसलेली जागा जास्त तापते आणि पुरेशी तापली तर तिथलं बीडच कठीण होतं, मग ते घासूनही जात नाही. ज्याला लोक वाकलेला रोटर म्हणतात तो बहुतेक वेळा असा असतो.

तेव्हापासून हे काम मी घरीच करतो. गाडी जॅक स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीही नाही. चाक काढलं, कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) ब्रॅकेटचे दोन बोल्ट काढले की कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगायचा, ब्रेक ऑइलच्या होजवर लोंबकळू द्यायचा नाही. मागच्या चाकांना आधी हँडब्रेक सोडायचा, कारण त्याचे लायनर रोटरच्या पोटातच असतात. माझ्यासकट प्रत्येक जण एकदा तरी हे विसरून हातोडा घेऊन बसतो. जुना रोटर चिकटला असेल तरी हातोड्याची गरज नाही. सुबारूने रोटरच्या टोपीवर दोन आटे पाडलेली छिद्रं ठेवली आहेत. त्यात ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की रोटर 'टक्' करून आपणहून सुटतो. तो 'टक्' ऐकण्यासाठी मी कधी कधी गरजेपेक्षा लवकर रोटर बदलतो अशी बायकोला शंका आहे.

मग हब. तारेचा ब्रश, नंतर घासणी, नंतर कापड, शेवटी बोट. अर्धा तास गेला तरी चालेल. नव्या रोटरवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसायचं. रोटर चढवून सगळे नट वॉशर घालून आवळायचे आणि डायल (डगमग मोजणारं काट्याचं मापक) लावून फिरवायचा. काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर रोटर काढून एक बोल्ट पुढे सरकवून पुन्हा बसवतो. पाच बोल्ट, म्हणजे पाच संधी. बहुतेकदा दुसऱ्यातच जमतं. पुढच्या ब्रॅकेटचे बोल्ट ८० न्यूटन-मीटर, मागचे ६६, चाकाचे नट १२०. अंदाजाने नाही, टॉर्क रेंचनेच. आतून वक्र पाती असलेले रोटर घेतलेत तर डावा-उजवा नीट बघा, पाती फिरण्याच्या उलट दिशेला झुकलेली हवीत. वरच्या चरांवरून ठरवायला जाल तर फसाल.

बिडाचा नवा तवा आपण तेल लावून, तापवून, निववून मुरवतो, लगेच त्यावर घावन घालत नाही. रोटरचंही तेच. रिकाम्या रस्त्यावर ताशी नव्वदवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा, मधे फारसं न थांबता. पॅडचा पातळ, एकसारखा थर बिडावर बसतो, चकचकीत करडा रंग निळसर राखाडी होतो. मात्र ब्रेक दाबून पूर्ण थांबायचं नाही, थांबलात तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो. नंतर दहा मिनिटं ब्रेक न लावता फिरून यायचं. ट्रॅकवरून पिटमध्ये परतल्यावर हँडब्रेकही ओढायचा नाही. आणि घाट उतरून आल्यावर चाकांवर पाण्याची बादली ओतणारे पाहिलेत ना? तापल्या तव्यावर गार पाणी ओतल्याबद्दल आजी काय म्हणाली असती ते आठवा.

टाकायचे कधी? माझ्या गाडीला पुढचा नवा रोटर २४ मिलिमीटर जाड असतो, २२ला बाद. मागचा १८, तो १६ला. पण जाडीआधीच तडे येतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील तर चालतं. रेघेत नख अडकलं किंवा ती काठापर्यंत पोचली की त्या दिवसापुरती गाडी ट्रेलरवर.

भाच्याला हे सगळं पाठवलं. तो कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर त्याची पोलो घेऊन जाणार आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं: "मामा, साधेच घेतो. पण मग निदान कॅलिपर लाल रंगवू का?"

रंगव म्हटलं. फक्त चकतीवर थेंब पडू देऊ नकोस.