उलटा पंखा

आमच्या जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा गेले चार महिने भारतीय नौदलाच्या ताब्यात आहे. तिथे पॉलिश पेपरचे तुकडे, टूथपिक, दोन चिमटे आणि पुट्टीची ट्यूब यांच्या गराड्यात एक सीफायर उभं राहतंय. सीफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचंच दर्यावर्दी भावंड, विमानवाहू नौकेवरून उडणारं. पंख दुमडता येतात आणि शेपटीखाली एक आकडा असतो. डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत तो अडकला की विमान थांबतं. माझं विमान १/७२ प्रमाणातलं आहे, पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेपंधरा सेंटिमीटर.

आता गोम अशी, की भारतीय नौदलाकडे सीफायर कधीच नव्हतं. मॉडेलवाले अशा प्रकाराला ‘व्हॉट-इफ’ म्हणतात. आमच्याकडे त्याला ‘बाबांचं खोटं विमान’ म्हणतात. मला विचाराल तर आपला शाळेतला ‘समजा’ त्याला फिट्ट बसतो. समजा, रामूकडे क्ष आंबे आहेत. एकदा ते समजलं की पुढे मनमानी चालत नाही, गणित सुटावंच लागतं.

माझा ‘समजा’ एवढाच आहे: १९४६ साली काम थांबलं नाही. कुठलं काम? ब्रिटिशांनी महायुद्धात टाइन नदीकाठी ‘हर्क्युलिस’ नावाची विमानवाहू नौका बांधायला घेतली होती. सप्टेंबर १९४५मध्ये ती पाण्यात उतरली, पण तोवर युद्धच संपलेलं. मग अर्धवट अवस्थेत ती दहा-अकरा वर्षं तशीच पडून राहिली. १९५७ साली भारताने ती घेतली, बेलफास्टला पुरी करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती ‘आयएनएस विक्रांत’ झाली. तिच्यावर आली ती सी हॉक जेट.

पण काम थांबलंच नसतं तर? १९४८ साली ‘अकिलीस’ ही ब्रिटिश युद्धनौका आपण घेतली आणि ती ‘दिल्ली’ झाली. तिच्या पाठोपाठ हर्क्युलिसही मुंबईला आली असती तर तिच्यावर विमानं कोणती असती? तिच्याच जातकुळीतली ‘वॉरियर’ कॅनडाने १९४६ साली घेतली, तिच्यावर सीफायर होती. फ्रेंचांच्या ‘आरोमांश’वरही सीफायर. इतकंच काय, ज्याच्याकडे विमानवाहू नौका असण्याचा प्रश्नच नव्हता त्या ब्रह्मदेशानेही पुढे सीफायर घेतली आणि जमिनीवरून उडवली. एवढ्या गोतावळ्यात आपणच तेवढे कोरडे.

अगदी कोरडेही नाही म्हणा. १९५५ साली आपल्या नौदलाकडे फायरफ्लाय आली. तीही युद्धकाळातली, नौकेवरून लढलेली विमानं. पण आपल्याकडे त्यांना काम मिळालं ते निशाण ओढण्याचं. विमानाने मागे लांब दोरीवर कापडी लक्ष्य ओढत न्यायचं आणि खालच्या तोफचींनी त्यावर नेम धरायचा. त्यातलं एक आज गोव्यात दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. माझ्या डोक्यातलं सीफायर बहुधा तिथेच सुरू झालं.

तर पंखा, म्हणजे विमानाच्या नाकावरचा प्रोपेलर. सीफायरचा पंधरावा प्रकार मी निवडला, कारण सालात तोच बसतो. एका रविवारी त्याचा पंखा चिमट्यातून निसटला आणि फरशीवर एक टिचकी वाजली. पुढचा तास मी टॉर्च घेऊन सोफ्याखाली होतो. दोन रुपयांचं नाणं, केसांची क्लिप आणि वाळलेला मटार सापडला. पंखा नाही. शेवटी एका जुन्या स्पिटफायरच्या किटातला चार पात्यांचा पंखा काढला, डकवला, रंगवला. झकास दिसला.

रात्री अकराला लाइट बंद करताना नजर गेली. पाती उलटी पिळलेली होती. स्पिटफायरच्या त्या प्रकाराचं इंजिन मर्लिन. वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. माझ्या सीफायरचं इंजिन ग्रिफन, ते उलट. ही बाब क्षुल्लक नाही. ग्रिफनच्या जोराने उड्डाणाच्या वेळी विमान उजवीकडे ओढलं जाई, आणि विमानवाहू नौकेवर उजवीकडे काय असतं? नौकेची ती उंच इमारत. आधीच त्या विमानाची चाकं जवळजवळ, पाय नाजूक. सप्टेंबर १९४३मध्ये इटलीत सालेर्नोला वारा पडलेला असताना शत्रूपेक्षा डेकवर उतरण्यानेच जास्त सीफायर मोडली होती.

सकाळी मी ब्लेडने पंखा उपटताना मुलीने पाहिलं.

“काय झालं?”

“उलटा लागलाय.”

“बाबा, पण हे विमान तर नव्हतंच ना?”

“नव्हतं.”

“मग जे नव्हतं त्याचा पंखा कुठल्याही बाजूने फिरू दे की.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी नवा पंखा मागवला. पंख्याची किंमत कमी आणि टपालखर्च जास्त होता, हे घरात सांगितलेलं नाही.

खऱ्या विक्रांतवर मी दोनदा गेलो, ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असताना. २०१४मध्ये ती मुंबईतल्याच दारूखाना भागात तोडायला घेतली. तिच्या पोलादाचा थोडा भाग बजाजने एका मोटारसायकलीत वापरला. तशी एक आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे, सीट फाटलेली, टाकीवर मांजर बसलेलं. जाता-येता मी तिच्याकडे बघतो. मालकाला वाटतं मला विकत घ्यायची आहे.

आता राहिली फक्त बोधचिन्हं. स्वातंत्र्यानंतर काही काळ हवाई दलाच्या विमानांवर तिरंगी वर्तुळाऐवजी अशोकचक्र असे, म्हणून माझ्या विमानावरही तेच. त्यांचे डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, मी छापून आणले. कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवायचे, मग कागदावरून बोटाने अलगद सरकवायचे. श्वास रोखूनच. पहिलं पंखावर गेलं. दुसऱ्याची कड दुमडली, ती ओल्या ब्रशने सोडवली. सगळं वाळल्यावर मुलीला भिंग दिलं आणि म्हटलं, बघ.

तिने बराच वेळ लावला. ओठ हलत होते.

“तेवीस.”

“चक्राला आरे चोवीस असतात.”

“मी दोनदा मोजले.”

मी तिच्या हातातून भिंग घेतलं.