विसाच्या तीन नोटा

हाँगकाँगला येऊन चार महिने झाले, पण भाजीवालीने परत दिलेल्या विसाच्या तीन नोटा आज पहिल्यांदा नीट पाहिल्या. रंग निळाच, चित्रं मात्र तिन्हींवर वेगळी! मला वाटलं, एखादी खोटी आली की काय. तर इथे नोटा काढतात तीन व्यापारी बँका; दहाची तेवढी सरकारची. १९८३ पासून एका अमेरिकी डॉलरला ७.८० हाँगकाँग डॉलर असा भाव बांधलेला, म्हणून नोटा काढायच्या तर बँकेने आधी तेवढे अमेरिकी डॉलर भरायचे.

बिलावर जीएसटीसारखं काही नाही. आयात करही कडक दारू, तंबाखू, इंधन अशा मोजक्याच गोष्टींवर. तरी भेंडी महाग! कर नसला तरी गाळ्याचं भाडं असतंच ना. मुकाट चवळीच्या शेंगा घेतल्या.