आमची वाटचाल: आधी ओझं विचारतो, मग टायर दाखवतो

बेळगावात खानापूर रोडला काकांनी पंक्चरचं दुकान टाकलं, तेव्हा दुकानात एक हातपंप, दोन लिव्हर, पाण्याचं घमेलं आणि पॅच भाजायची छोटी भट्टी एवढंच होतं. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांचा माल याच रस्त्यानं जायचा-यायचा, त्यामुळे काम कमी पडलं नाही. मोटारी म्हणाल तर ॲम्बेसिडर आणि पद्मिनी. ॲम्बेसिडरला ५.९०-१५, पद्मिनीला ५.२०-१४, दोन्ही नायलॉनचे, ट्यूबवाले. गिऱ्हाईक ‘चार प्लायचा की सहा प्लायचा’, म्हणजे आत धाग्यांचे थर किती, एवढंच विचारायचं. काका मात्र उलट विचारायचे, ‘भरतोस काय गाडीत?’ दुकानाला जे काही नाव मिळालं, ते या एका प्रश्नामुळे मिळालं असं मला वाटतं.

पुढं मारुती आली, रेडियल (आतले धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे बसवलेले) टायर रुळले, ट्यूबलेस आले. मोटारींच्या टायरमधून प्लायची भाषा गेली आणि तिच्या जागी टायरच्या बाजूवर, साइजच्या शेवटी, एक आकडा येऊन बसला. १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलेलं असतं, त्यातला ८८. १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची, आर म्हणजे रेडियल, १५ इंचांची रिम, आणि शेवटचा एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. हे बहुतेकांना ठाऊक असतं. ८८ कडे मात्र कोणी बघत नाही. तो लोड इंडेक्स. ८८ म्हणजे एक टायर पुरेशा हवेवर ५६० किलो पेलतो. ८५ असेल तर ५१५, ८२ असेल तर ४७५. आकड्यात तीनचा फरक, पण वजनात चाळीस-पंचेचाळीस किलोंचा.

मी दुकानात बसायला लागलो तोवर काकांनी टायर चेंजर आणि बॅलन्सिंगचं मशीन घेतलं होतं. त्याच सुमारास गावाकडे जुन्या मोटारी विकत घेण्याचं प्रमाण वाढलं. पुण्या-मुंबईकडून आलेली गाडी दिसायला चकाचक, मोठ्या अलॉय व्हीलवर बसवलेली. खानापूरकडचे एक मामा अशीच एक सात सीटची गाडी घेऊन आले. सौंदत्तीच्या यात्रेला, लग्नाला, देवाधर्माला भाड्यानं जायची गाडी. वर कॅरिअर. तक्रार एवढीच, की मागच्या टायरला फुगा आलाय, तसलाच एक नवा द्या.

मी खडूनं टायरवरचा आकडा ठळक केला. १९५/५० आर १६ ८४. मग ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर पुसून त्यांना दाखवलं. कंपनीनं दिलेली साइज होती १८५/६५ आर १५, आणि त्या साइजचा टायर ८८ चा येतो. ८४ म्हणजे ५०० किलो. एका टायरमागे साठ किलोंचा घाटा, मागच्या दोन्हींत मिळून एकशेवीस. मामा म्हणाले, ‘अहो, पण हा तर जास्त रुंद हाय की! रुंद टायर कमी ओझं कसं घेईल?’

हा प्रश्न आमच्याकडे आजही रोज येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गाडीचं ओझं रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. टायर रुंद केला पण उंची कापली, तर आतली हवेची जागा वाढेलच असं नाही, बऱ्याचदा घटते. १९५/५० हा १८५/६५ पेक्षा बुटका, त्यामुळे त्याची ताकद कमी. बरं, उंची साधणारा १९५/५५ आर १६ घेतला, तर चाकाचा व्यास जवळजवळ जुन्याइतकाच येतो, मीटरचा काटाही खोटं बोलत नाही, तरी साध्या टायरवर आकडा असतो ८७, म्हणजे ५४५ किलो. दिसायला सगळं जुळतं आणि एका टायरमागे पंधरा किलो कमी पडतात. त्याच साइजमध्ये एक्सएल, म्हणजे जादा भाराचा, असं लिहिलेला टायर मिळतो, त्यावर ९१ असतं, म्हणजे ६१५ किलो. पण एक्सएलचा पूर्ण भार ४२ पीएसआय हवेवर धरलेला असतो, साध्याचा ३६ वर. एक्सएल बसवून हवा जुन्याच आकड्यावर ठेवली, तर जादा पैशाचा काहीच उपयोग नाही.

मामांना सोळा इंची रिमच ठेवायची असती, तर मी तो ९१ वाला सुचवला असता. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, ‘मला काय मिरवायचं न्हाई, माणसं न्यायची हायत.’ मग पंधरा इंची रिम शोधून ८८ चे चार टायर घातले. गाडी जरा उंच चालल्यासारखी वाटते म्हणाले, एवढंच.

काढलेला तो फुगलेला टायर मी टाकला नाही. आडवा कापून काउंटरशेजारी ठेवलाय. साइडच्या आतल्या अस्तरावर बोट फिरवलं की बोट काळं होतं, शाईसारखी बारीक भुकटी लागते. ते रबरच आहे, आतल्या आत घासून झडलेलं. झेपणार नाही इतकं ओझं आलं किंवा हवा कमी राहिली, की फिरताना टायरची साइड प्रत्येक फेरीला दबते आणि सुटते. त्यात उष्णता तयार होते. एप्रिल-मेच्या उन्हात महामार्गावर भरलेली गाडी वेगानं चालली, की ही उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. आतले धागे आणि रबर एकमेकांपासून सुटतात. बाहेरून नक्षी छान दिसते, त्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही, आणि एक दिवस वंटमुरीच्या घाटात किंवा तवंदीच्या उतारावर आवाज येतो. हा तुकडा हातात दिला, की मला फारसं बोलावं लागत नाही.

तेव्हापासून भिंतीवर तक्ता रंगवून घेतलाय, मराठी आणि कन्नड दोन्हीत. ६९ म्हणजे ३२५ किलो, ७४ म्हणजे ३७५, ७५ म्हणजे ३८७, असं करत १०० म्हणजे ८०० पर्यंत. त्याखाली हिशेब: मागच्या ॲक्सलवर समजा हजार किलो येणार असतील, तर ८२ चे दोन टायर ९५० लाच थांबतात, ८५ चे १०३० म्हणजे जेमतेम, ८८ चे ११२० म्हणजे निर्धास्त. गोकाक, बैलहोंगलकडचे गिऱ्हाईक कन्नडमधून वाचतात, चंदगडकडचे मराठीतून, आणि दोघेही शेवटी बोट त्याच ओळीवर ठेवतात. खालचा आकडा कधी घालायचा नाही, वरचा चालतो. मात्र फार वरचा घालून साध्या गाडीला काही मिळत नाही, उलट टायर कडक लागतो.

गोव्याला भाजी नेणाऱ्या छोट्या गाड्यांचं गणित वेगळं. त्यांचे टायर एलटी, म्हणजे हलक्या ट्रकचे, असं लिहिलेले, आणि तिथं प्लाय रेटिंग अजून जिवंत आहे: सहा पीआर, आठ पीआर. आतले थर काही तेवढे नसतात, ती ताकदीची प्रत आहे. त्यांच्यावर ८६/८४ असे दोन आकडे दिसतात. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. पहाटे भाजी भरून चोर्ला घाटानं उतरायचं म्हणजे ओझं, वळणं आणि पावसाळ्यात कणकुंबीचा तो पाऊस, सगळं एकदम. साइज जुळतेय म्हणून स्वस्तातला मोटारीचा टायर घाला म्हणणारे येतात. आम्ही घालत नाही. एकजण रागानं दुसरीकडे गेला आणि तिथून घालून आला. धंदा गेला याचं वाईट वाटलंच, पण त्या गाडीचा ड्रायव्हर आमच्याच ओळखीतला, काळजी त्याची जास्त वाटली.

धंद्याचं म्हणाल तर सोपं नव्हतं. प्रत्येक साइजमध्ये दोन-दोन लोड इंडेक्सचा माल ठेवायचा म्हणजे पैसा अडकून पडतो. त्यात टायर शिळा होतो. बाजूवर २३२५ असं दिसलं, की तो २०२५ च्या २३ व्या आठवड्यातला. जुन्या तारखेचा माल मी गिऱ्हाइकाला तारीख दाखवल्याशिवाय देत नाही, आणि आयएसआय मार्क नसलेला तर आतच घेत नाही. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरकडचा महामार्ग बंद पडला, तेव्हा माल अडकला आणि दुकान हवा-पंक्चरवर चाललं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्याचा मात्र खरा फायदा झाला. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत गुळगुळीत टायरवर चालवणारे बरेच जण तेव्हा आले. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की खोबणीतली ती छोटी आडवी पट्टी रबराच्या बरोबरीला येते, तिथं टायर संपला.

आता धाकटा भाऊ अलाइनमेंट बघतो, वहिनी हिशेब आणि फोन. फोनवर ‘पंधरा इंचाचा रेट सांगा’ म्हटलं, की वहिनी रेट सांगत नाहीत, आधी दोन फोटो मागतात: दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा आणि जुन्या टायरच्या बाजूचा. मग माणसं किती, कॅरिअर आहे का, घाट कुठला, हे विचारतात. बॅटरीवरच्या गाड्या यायला लागल्यापासून हे जास्तच गरजेचं झालंय, कारण त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा त्या वजनानं जड असतात. टायर बसवल्यावर हवा स्टिकरवरच्या आकड्यावर भरून देतो. यात्रेला किंवा लग्नाला गाडी भरून जाणार असाल, तर त्याच स्टिकरवर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा असतो, तो बघून निघायच्या आधी, टायर गार असताना, हवा वाढवून घ्या. हवेचे पैसे आम्ही कोणाकडूनच घेत नाही, टायर कुठूनही घेतलेला असला तरी.