आधी कॉक, मग फोटो, मग फडके

सिंकखालची नळी मध्यरात्री फुटली आणि मला जाग आली तेव्हा पाणी शेजारच्या खोलीत शिरले होते. अशा वेळी मिळेल ते फडके घेऊन पुसत सुटावेसे वाटते. पण पाणी येतच असताना पुसण्याला काही अर्थ नसतो, म्हणून मी आधी मुख्य कॉक बंद केला. विजेचा मेन स्विच कोरड्या जागेवरून हाताला येत होता, त्यामुळे तो लगेच पाडता आला. तिथवर पाण्यातून जावे लागले असते, तर मी त्याला हात न लावता वीजपुरवठा करणाऱ्यांना बाहेरून जोडणी तोडायला सांगितले असते.

विम्याच्या अटी वरवर परस्परविरोधी वाटतात. खराब झालेल्या वस्तू पाहणी होईपर्यंत टाकू नयेत असे त्या सांगतात आणि नुकसान वाढू न देण्याची जबाबदारीही घरमालकावरच टाकतात. दोन्ही पाळण्याचा मार्ग म्हणजे आधी नोंद आणि मग हलवाहलव. मी दारातून प्रत्येक खोलीचे पूर्ण छायाचित्र घेतले, नंतर जवळून फुगलेली फळी, कपाटाच्या पायावरची पाण्याची रेघ आणि तिच्याशेजारी धरलेली मोजपट्टी टिपली. बंद पडलेल्या उपकरणांच्या मागच्या पट्टीवरचे मॉडेल आणि अनुक्रमांकही टिपून घेतले, कारण उपकरण कोणते व किती जुने, हा प्रश्न पुढे हमखास येतो.

सर्वांत मोलाची ठरली ती फुटलेली नळी. प्लंबर ती सवयीने कचऱ्यात टाकणार होता. मी ती मागून घेतली आणि तारीख लिहून पिशवीत ठेवली. नुकसानीची पाहणी करणाऱ्या विम्याच्या सर्व्हेअरने आल्याबरोबर तीच पाहायला मागितली. अचानक फुटलेल्या नळीची भरपाई बहुतेक पॉलिसींत मिळते, पण महिनोन्‌महिने झिरपणाऱ्या गळतीची सहसा मिळत नाही. जोडावर जुना गंज किंवा क्षारांचा थर असेल, तर गळती जुनी असल्याचा संशय येतो. आमच्या नळीची चीर ताजी आणि स्वच्छ होती.

कंपनीला फोनवर कळवून तेच लगेच लेखी पाठवले आणि दाव्याचा क्रमांक मिळवला. पाहणीची वाट पाहत घर ओले ठेवणे मात्र परवडणारे नव्हते, कारण २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. भिजलेला गालिचा बाहेर काढला, पण फेकला नाही. फर्निचर भिंतीपासून दूर ओढले आणि वीजजोडणी तपासून घेतल्यावर पंखे लावले. भिजलेली कागदपत्रे एकमेकांपासून ओढून सोडवू नयेत, ती फाटतात. लगेच वाळवणे जमणार नसेल, तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवल्याने बुरशी थोपते; घराची कागदपत्रे मी अशीच वाचवली.

या तात्पुरत्या कामांची प्रत्येक पावती जपली. कायमची दुरुस्ती मंजुरीनंतरच सुरू केली, आणि सगळे आमच्यावर सोपवा म्हणत सहीसाठी कागद पुढे करणाऱ्या ठेकेदाराला त्या दिवशी परत पाठवले. घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्याने घटलेली किंमत, वजा होऊन भरपाई मिळाली. रंगकाम मात्र ओलावामापकाचा आकडा कोरड्या भिंतीइतका खाली येईपर्यंत रोखून धरले. ओल्या गिलाव्यावर रंग दिला असता, तर त्याचे पोपडेच निघाले असते.